वेळ कामात जात नाही, दोन कामांच्या मधे जातो

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब, फेसबुकवर खातं ठेवायला बंदी आहे. शिक्षा मुलांना नाही, आईबापांनाही नाही. खाती बंद करायची जबाबदारी कंपन्यांची, आणि त्यांनी टाळाटाळ केली तर दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. बातमी आपल्याकडे पोचल्यावर "आपल्याकडेही असा कायदा पाहिजे" असं म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यातल्या बहुतेकांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पुढे ढकललं.

मुलांसाठी कायदा होईलही. पण चाळिशीतल्या माणसाचं काय? त्याची तक्रार तर रोजचीच: दिवसभर बूड टेकायला फुरसत नव्हती, आणि रात्री बघावं तर जे करायचं ठरवलं होतं तेवढंच राहिलंय. असं झालं की आपण स्वतःला आळशी म्हणून मोकळे होतो आणि पहाटे पाचला उठायचा संकल्प करतो. संकल्प चार दिवस टिकतो. कारण उठायच्या वेळेत बिघाड नसतोच मुळी. तो कुठे असतो, हे गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी बऱ्यापैकी शोधून काढलंय.

चोवीस तासांचा हिशेब सरकारही मांडतं

केंद्र सरकारचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय वेळेच्या वापराचं सर्वेक्षण करतं. पहिलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली झालं, दुसरं २०२४ साली. पद्धत साधी आहे. घरातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येकाबद्दल विचारायचं, काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलं? दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ रकाने, आणि एकेक भरत जायचं.

त्यात एक नियम आहे, तो मला फार बोलका वाटतो. अर्ध्या तासात तुम्ही अनेक गोष्टी केल्या असतील, तर दहा मिनिटांपेक्षा कमी चाललेली गोष्ट वेगळी धरत नाहीत. नियम शहाणपणाचाच आहे, नाहीतर विचारणारा त्या घरातून बाहेरच पडायचा नाही. पण त्यामुळे दोन मिनिटांचा फोन, तीन मिनिटांचं स्टेटस, "जरा बघतो कोणाचा मेसेज" हे सगळं चाळणीतून गळून जातं.

आपला मनातला हिशेबही याच चाळणीचा असतो. संध्याकाळी आठवून बघितलं की ऑफिस आठवतं, प्रवास आठवतो, बाजारहाट आठवते. दोन-दोन मिनिटांच्या चाळीस गोष्टी आठवत नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्या मिनिटांची बेरीज केली तरी नुकसानाचा पुरता आकडा हाती लागत नाही. ते दोन मिनिटांत संपत नाही, म्हणून.

दादरचा पूल

डोंबिवलीहून अंधेरीला जाणाऱ्याला विचारा, वेळ कुठे जातो. मध्य रेल्वेची फास्ट गाडी दादरला किती वाजता पोचते हे त्याला पाठ असतं, तिथे बदलायच्या पश्चिम रेल्वेच्या गाडीचंही माहीत असतं. वेळापत्रकात नसतो तो मधला पूल. जिना, गर्दी, "सरका हो", आणि खाली उतरेपर्यंत डोळ्यांदेखत सुटलेली गाडी.

मेंदूलाही एका कामावरून दुसऱ्यावर जाताना असा पूल ओलांडावा लागतो. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये याला एक नाव दिलं. मराठीत त्याला 'लक्षाचा अवशेष' म्हणू. तुम्ही पहिलं काम सोडून दुसरं हातात घेता, पण लक्षाचा एक तुकडा पहिल्या कामापाशीच रेंगाळत राहतो, आणि तेवढा वेळ दुसरं काम उरलेल्या डोक्यानं होतं. लेरॉयच्या प्रयोगांत पहिलं काम अर्धवट सोडायला लागलेल्यांचं लक्ष मागे जास्त अडकलं आणि पुढचं काम घसरलं. नुसतं पूर्ण केलं म्हणून काम लगेच सुटतंच असं नाही, पण अर्धवट काम चिकटून बसतं.

आता ग्लोरिया मार्क यांची निरीक्षणं बघा. कॅलिफोर्नियातल्या या प्राध्यापिका दोन दशकांहून जास्त काळ माणसं पडद्यासमोर कशी वागतात ते मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकत असे. अलीकडच्या मोजणीत ते ४७ सेकंदांच्या आसपास आलं. आणखी एक निरीक्षण जास्त टोचतं. कामात येणारे व्यत्यय बाहेरूनच येतात असं नाही. निम्म्याच्या आसपास आपण स्वतःच आणतो. कोणी हाक मारलेली नसते, फोन वाजलेला नसतो, तरी हात जातो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, तर असं. वीजबिलाची आज शेवटची तारीख. तुम्ही बिल भरायला फोन हातात घेता. ग्राहक क्रमांक टाकता, रक्कम येते, ओटीपीची वाट बघता. ओटीपी येतो, पण त्याच पट्टीत आत्याच्या ग्रुपवरचा मेसेजही दिसतो: बारशाचे फोटो. 'एकच बघू' म्हणून उघडता. अठ्ठावीस फोटो असतात. एकात मामेभाऊ बराच सुटलेला दिसतो, तो बायकोला दाखवता. ती म्हणते, साडी बघ कसली आहे. मग साडीवरून कोणत्या तरी दुकानाच्या रीलवर जाता. वीस मिनिटांनी फोन खाली ठेवता. ओटीपीची मुदत कधीच संपलेली, बिल तसंच. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर नेमकं तेच आठवतं.

यात आळस कुठे आहे? माणूस काम करायलाच उठला होता. कामाची जागा आणि भटकायची जागा एकाच काचेमागे आहे, सगळी गडबड तिथे आहे.

अंगठा थांबत का नाही?

वृत्तपत्राला शेवटचं पान असतं. दूरदर्शनचे कार्यक्रम रात्री संपायचे आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. संपलं की माणूस उठतो. फोनमधून ही 'संपलं'ची खूण काढून टाकलेली आहे, आणि ती आपोआप गळलेली नाही. वेबवरची पानं पूर्वी तळाशी संपत, पुढे जायला बटण दाबावं लागे. २००६ साली अ‍ॅझा रास्किन या रचनाकारानं न संपणाऱ्या पानाची कल्पना मांडली: खाली सरकत राहा, नवा मजकूर येत राहील. वाचकाचा त्रास वाचावा एवढाच हेतू होता. पुढे सोशल मीडियानं ती उचलली, आणि आता रास्किन स्वतःच तिच्या तोट्यांवर जाहीरपणे बोलतात.

दुसरी गंमत याहून जुनी आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दाणा. ठरलेल्या चोचींनंतर दाणा मिळत असेल तर कबूतर दाणा खाऊन जरा थांबतं. पण कधी तिसऱ्या चोचीला, कधी तेराव्या, कधी लागोपाठ दोनदा, असा बेभरवशाचा दाणा मिळू लागला की ते न थांबता चोच मारत राहतं. याला 'अनिश्चित बक्षीस' म्हणतात. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. तुमची रील्सची रांगही तशीच: नऊ फालतू, दहावी अशी की पोट धरून हसावं. दहाही चांगल्या असत्या तर आपण लवकर कंटाळलो असतो.

म्हणून 'मनावर ताबा ठेवा' हा सल्ला मला अपुरा वाटतो. समोर शेकडो इंजिनिअर पगार घेऊन तुमचा अंगठा हलता ठेवायला बसलेत, आणि इकडे तुम्ही एकटे, दिवसभराचे थकलेले.

सगळं खापर फोनवर कशाला?

फोडू नयेच. फोन नव्हता तेव्हाही कामं राहतच होती. टाळाटाळीवर काम करणारे टिमथी पिचिल आणि फुशिया सिरवा हे संशोधक म्हणतात की टाळाटाळीचं मूळ वेळेच्या गणितात कमी आणि भावनेत जास्त असतं. काम नकोसं वाटतं ते त्याच्यासोबत येणाऱ्या भीतीमुळे, लाजेमुळे, कंटाळ्यामुळे. काम पुढे ढकललं की ती भावना तेवढ्यापुरती टळते.

गावाकडच्या वारसनोंदीचं उदाहरण घ्या. वडील गेले, सातबाऱ्यावर नावं लावायची आहेत. कागद जमवायचे, अर्ज करायचा, तलाठ्याकडे चार चकरा मारायच्या. कंटाळवाणं खरं, पण अवघड नाही. तरी ते वर्षानुवर्षं राहतं, कारण त्यासाठी आधी थोरल्या भावाला फोन करावा लागणार असतो, आणि त्या फोनवर बहिणींच्या हिश्श्याचा विषय निघणार असतो. मग रविवारी माणूस माळा आवरतो, पंखे पुसतो, रद्दी घालतो. दिवस 'कामात' जातो. अशा वेळी वेळापत्रक करून काही होत नाही.

इथे पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाची युक्ती चालते. 'या महिन्यात वारसनोंद करायची' असं ठरवायचं नाही. 'शनिवारी सकाळचा चहा झाला की गॅलरीत जाऊन दादाला फोन लावायचा, आणि तो भडकला तर म्हणायचं, आज फक्त कागदांचं बोलू' असं ठरवायचं. कधी, कुठे, आणि अडलं तर काय, हे आधीच ठरलेलं असलं की ऐन वेळी मनाशी वाटाघाटी करत बसावं लागत नाही. बऱ्याच अभ्यासांत ही साधी गोष्ट नुसत्या निश्चयापेक्षा सरस ठरलीय.

'अर्ध्या तासाचं काम'

"निघालोच" म्हणणारा मराठी माणूस त्या क्षणी कुठे असतो? बहुधा मोजे शोधत. तो खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून तसंच वाटत असतं. याला डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये 'नियोजनाचा भ्रम' म्हटलं. काम किती वेळ घेईल याचा अंदाज बांधताना आपण सगळं सुरळीत होईल असं धरून चालतो, आणि तेच काम मागच्या वेळी किती लांबलं होतं ते सोयीस्कर विसरतो.

कानेमन यांचा स्वतःचाच किस्सा प्रसिद्ध आहे. इस्रायलमध्ये शाळेसाठी एक अभ्यासक्रम लिहिणाऱ्या गटात ते होते. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना अंदाज लिहून द्यायला सांगितला. सगळ्यांचं उत्तर दोन वर्षांच्या आसपास. मग त्यांनी गटातल्या अनुभवी तज्ज्ञाला विचारलं, "असेच दुसरे गट तुम्ही पाहिलेत, त्यांना किती लागली?" तज्ज्ञ विचारात पडला. म्हणाला, बऱ्याच गटांचं काम पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. याच तज्ज्ञानं पाच मिनिटांपूर्वी दोन वर्षं लिहिली होती. शेवटी त्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकाला आठ वर्षं लागली.

यावर इलाजही त्याच प्रश्नात आहे. 'किती वेळ लागेल?' असं स्वतःला विचारू नका, 'मागच्या वेळी किती लागला होता?' असं विचारा. बँकेत केवायसीला मागच्या वेळी दोन तास गेले असतील, तर या वेळी अर्ध्या तासात परत येऊन डबा भरू, असं धरू नका.

याची उलट बाजूही आहे. वेळ जास्त असला तर काम फुगतं. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकानं १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये हे विनोदानं मांडलं होतं: जितका वेळ द्याल तितकं काम पसरतं. प्राप्तिकराच्या विवरणपत्राची मुदत वाढली की काय होतं, कुठल्याही करसल्लागाराला विचारा.

पण मला दोन कामं एकदम जमतात

मटार सोलताना रेडिओ ऐकणं जमतं, कारण सोलायचं काम हात करतात. पण फोनवर बोलता बोलता ईमेल लिहिणं जमत नाही. दोन्हींना शब्द लागतात. जमतंय असं वाटतं तेव्हा आपण पुलावरून इकडून तिकडे धावत असतो, इतकंच. समोरच्याला ते ऐकू येतं बरं का. "हं… हं… काय म्हणालास?"

फोन बाजूला ठेवला तर नोकरी जाईल

हा आक्षेप खरा आहे. साहेब ग्रुपवरच सूचना टाकतात, शाळा ग्रुपवरच सुट्टी कळवते, आशाताईंना माहितीही ग्रुपवरच पाठवावी लागते. फोन फेकून द्या हा सल्ला देणारा माणूस बहुधा निवृत्त असतो.

इथे भारतातल्या स्मार्टफोनधारकांवर झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उपयोगी आहे. काहींच्या सूचना, म्हणजे फोनचं ते टिंग-टिंग, दिवसातून तीनदा गठ्ठ्यानं पोचवल्या. काहींच्या पूर्ण बंद केल्या. तीनदा गठ्ठा मिळणाऱ्यांचं लक्ष सुधारलं, मूड बरा राहिला. पूर्ण बंद झालेल्यांना मात्र फायदा फारसा झाला नाही, उलट काहीतरी सुटतंय ही धाकधूक वाढली. म्हणून कडकडीत उपासाच्या भानगडीत पडू नका. ग्रुप मुके करा, बघायच्या वेळा ठरवा, आणि जवळच्यांना सांगून ठेवा: तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज नको.

दुसरा भाग त्याहून सोपा. काम मधेच सोडून उठावंच लागलं, तर उठण्याआधी कागदावर एक ओळ लिहायची: कुठे थांबलो, पुढे काय करायचं. 'तिसऱ्या रकान्याची बेरीज राहिली, मग सहीसाठी पाठवायचं.' लेरॉय यांनी पुढच्या संशोधनात नेमका हाच उपाय तपासला, आणि अशी ओळ लिहिणाऱ्यांचं लक्ष मागे कमी रेंगाळलं.

एकट्यानं होत नाही

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. लॉकडाउनमधल्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातचा फोन सुटेना, म्हणून ग्रामसभेनं हे ठरवलं. सुरुवातीला लोक हसले. मग आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

यातली हुशारी भोंग्यात नाही, सगळ्यांनी एकाच वेळी बंद करण्यात आहे. एकट्यानं फोन ठेवला की आपण मागे पडतोय असं वाटतं. मित्रांचेही फोन बंद असतील तर चुकणार काय? शिवाय आईबापांचाही बंद, त्यामुळे "तू पण बघतेसच की" हे उत्तर मुलांच्या हातून गेलं. शहरातल्या घराला देवळाचा भोंगा नसेल, पण हॉलमधल्या एका प्लगवर सगळ्यांचे फोन रात्री नऊनंतर चार्जिंगला, एवढा ठराव चार माणसांच्या ग्रामसभेतही होऊ शकतो. आजोबांचा फोनही त्यातच. खरी अडचण तिथेच येते, हे मान्य.

मग जगायचं कधी?

प्रत्येक मिनिटातून काहीतरी पिळून काढायचं, जिना चढताना पॉडकास्ट ऐकायचा, जेवताना इंग्रजी सुधारायचं, हे मला तरी भयंकर वाटतं. कट्ट्यावरच्या गप्पा, दुपारची डुलकी, गॅलरीत उभं राहून समोरच्या बांधकामाकडे बघणं, हे वाया गेलेलं नाही. ओळखायची खूण अशी: उठताना तरतरी वाटते की डोकं जड झालेलं असतं? ठरवून अर्धा तास रील्स बघितल्या तर त्यातही काही बिघडत नाही. बिल भरायला गेलेला माणूस तिथे पोचला, तर मात्र बिघडतं.

आणि ज्यांच्याकडे वेळच नाही त्यांचं काय?

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि वेळेच्या व्यवस्थापनावरच्या बहुतेक लिखाणात तो गाळलेला असतो. २०२४ च्या त्याच सर्वेक्षणात, आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ बिनपगारी घरकामात गेला. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटांचा. म्हणजे बाईची पावणेपाच तासांहून जास्त, पुरुषाची दीड तासाच्या आत. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात कमी.

वर सांगितलेला पुलाचा त्रास तिच्या वाट्याला सगळ्यांत जास्त. कुकरची शिट्टी, दारावरचा कुरिअरवाला, "आई, माझा कंपास कुठंय?", सासूबाईंची गोळी, तिच्या कामाचा सलग अर्धा तास कोणी होऊच देत नाही. तिला 'सूचना बंद करा' असं सांगून काय उपयोग? तिच्या सूचना माणसांच्या रूपात येतात.

तिथे वेळेच्या हिशेबाची वही काढायची असेल तर नवरा-बायको दोघांची काढावी. एक साधा कामाचा दिवस, सर्वेक्षणासारखे ४८ रकाने, एका बाजूला तिचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याचं. दहा मिनिटांचा नियम मात्र पाळायचा नाही. कंपास शोधून दिला तोही लिहायचा.

आधीच्या, २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली.